नववा पाट

नवरात्राची सहावी-सातवी माळ झाली की आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज यायला लागतात. अष्टमीला कुमारिका पाहिजेत, दहा वर्षांच्या आतल्या, कुणाकडं असतील तर कळवा. खाली जोडलेल्या हातांची आणि फुलांची रांग. माझी मुलगी सात वर्षांची आहे, त्यामुळं माझ्या दारावरची बेल हमखास वाजते. मी पाठवत नाही. पहिल्या वर्षी तिला सर्दी झाल्याचं सांगितलं होतं, आता सरळ नाही म्हणते. धाराशिवात राहायला आल्यापासून मी चार पुस्तकं शिकून शेफारलेली बाई म्हणून ओळखली जाते, आणि मला त्याचं काही वाटत नाही. मी दर वर्षी तुळजापूरला जाते, रांगेत उभी राहते, ओटी भरते, डोळ्यांत पाणीही येतं. माझं भांडण देवीशी नाहीच. भांडण आहे ते पोरींचे पाय धुणाऱ्या हातांशी. ते हात कसे फिरतात हे मी नऊ वर्षांची असताना पाहिलंय आणि आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचं गाव लोहारा तालुक्यात. भूकंपात पडलं आणि थोडं लांब माळावर नव्यानं वसवलं गेलं. माझा जन्म मधल्या काळातला, पत्र्याच्या शेडातला. मला कळायला लागलं तोवर आम्ही नव्या घरात आलो होतो. जुन्या गावात म्हणे घर कुठं आहे यावरून माणूस कोण आहे ते कळायचं. वेशीजवळ कोण, ओढ्याच्या अंगाला कोण, हे रांगत्या पोरालाही ठाऊक असायचं. नव्या गावात सरळ पट्टी मारल्यासारखे रस्ते झाले आणि सगळ्यांना एकाच साच्यातली घरं मिळाली. ज्याची जेवढी जमीन तेवढं घर लहान-मोठं, पण बाहेरून तोच पिवळा रंग, तीच लोखंडी खिडकी, तसंच दार. आमची गल्ली पाण्याच्या टाकीपाशी संपायची आणि टाकीच्या पलीकडं दुसरी रांग सुरू व्हायची. मधे कसलीही पाटी नव्हती. मोठ्या माणसांना पाटी लागत नव्हती, आम्हा पोरींना ती आहे हे माहीत नव्हतं.

टाकीच्या पलीकडं माझी मैत्रीण राहायची. आम्ही एका वर्गात, एका सतरंजीवर. तिचे वडील हलगी वाजवायचे. लग्न असो, मिरवणूक असो, दसऱ्याचं सीमोल्लंघन असो, ते पुढं असल्याशिवाय गावाचा पाय उचलत नसे. तिची आई शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायची. लक्ष्मीपूजनाला त्याच नव्या केरसुणीला हळदीकुंकू लावून आमच्या घरातल्या बाया लक्ष्मी म्हणून पाया पडायच्या. मैत्रीण गोल चेहऱ्याची, बडबडी, आणि माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खात होतो. शाळेत ते कुणी पाहत नव्हतं, आणि पाहिलं तरी घरी सांगण्यासारखं त्यात काही आहे असं आम्हाला वाटत नव्हतं.

आमच्या घरात घट बसायचे. मातीत पेरलेला गहू, वर कडकण्यांची माळ, अखंड दिवा. हे सगळं बघायची माझी थोरली चुलती. तिला आम्ही सगळे मोठ्याई म्हणायचो. नऊ दिवस उपास, पायात चप्पल नाही, गादीवर झोप नाही. अष्टमीला नऊ कुमारिका जेवू घालायच्या हा तिचा नेम होता. त्या वर्षी तिनं हे काम माझ्या नव्या काकूवर सोपवलं. काकू उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली, सोलापूर शहरात वाढलेली. मोठ्याईनं तिला सांगितलं, गल्लीतल्या पोरी गोळा करून आण, नऊ भरल्या पाहिजेत. आता आमच्या गल्लीत दहाच्या आतल्या पोरी नऊ नव्हत्याच. पोरं ढिगानं होती. पोरी कमी का, हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. उमरग्याच्या दवाखान्यातून कोण रडत आली आणि कोण पेढे घेऊन आली हेही माहीत होतं. पण देवीला नऊ लागतात, तर नऊ पाहिजेत.

काकू आठ पोरी गोळा करून टाकीपाशी आली. तिथं माझी मैत्रीण एकटीच जिबली खेळायला जमिनीवर चौकटी आखत बसली होती. काकूला आनंद झाला. तिनं तिचा हात धरला आणि म्हणाली, चल गं, तूही चल. काकूच्या दृष्टीनं मागं एक पिवळं घर होतं, लोखंडी खिडकीचं, आमच्यासारखंच. जुन्या गावात ही चूक झालीच नसती.

मैत्रीण आधी पळत घरी गेली. तिची आई काय म्हणाली ते तिनं मला दारातल्या पायरीवरच सांगितलं, धापा टाकत. आईनं दोनदोनदा विचारलं होतं, खरंच बोलवलंय का, कुणी बोलवलंय. तिनं सांगितलं की नव्या काकूनं हात धरून बोलवलंय. मग आईनं केसांना तेल लावलं, लाल रिबिनी घट्ट बांधल्या आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातला निळा फ्रॉक घातला. फ्रॉक आखूड झाला होता, ती सारखा खाली ओढत होती. आणि तिला एकच गोष्ट विचारायची होती, की देवी होताना हसलं तर चालतं का. मी म्हणाले चालतं. मी आदल्या वर्षी हसले होते.

नऊ पाट मांडले होते, अर्धे शेजाऱ्यांकडून मागून आणलेले. मी आठव्यावर, ती शेवटच्या नवव्यावर. मोठ्याई परात घेऊन एकेकीसमोर बसत आली. दुधापाण्यानं पाय धुवायचे, पदरानं पुसायचे, हळदीकुंकू लावायचं, मग डोकं ठेवायचं. मोठ्याई हे फार मनापासून करायची. एरवी आम्हाला धपाटे घालणारी ती बाई त्या दिवशी आमच्या पायावर डोकं टेकवताना खरोखर रडायची. माझ्या मैत्रिणीचे पाय तिनं असेच धुतले. मातीत खेळून आलेले पाय, तिनं बोटांच्या बेचक्यातली माती अंगठ्यानं काढली. डोकं टेकवलं. परातीतलं पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं. मैत्रीण हसली नाही. तिनं श्वास धरून ठेवला होता आणि तिचे गाल फुगले होते. तिच्याइतकी देवीसारखी दिसणारी पोरगी त्या ओळीत दुसरी नव्हती, मी तर नव्हतेच.

तेवढ्यात शेजारची म्हातारी पाया पडायला आली. ती ओळीनं सगळ्यांच्या पाया पडत आली आणि शेवटच्या पाटापाशी थांबली. आमच्याकडं लहान पोराला नाव विचारत नाहीत. नावाला कोण विचारतो? आमच्याकडं विचारतात, तू कुणाची.

"कुणाची गं तू?"

मैत्रिणीनं धरलेला श्वास सोडला आणि आनंदानं सांगितलं, "हलगीवाल्याची."

त्यानंतर कुणी ओरडलं नाही. कुणी ओरडलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान ते काहीतरी वाईट आहे हे कळलं असतं. म्हातारीनं मोठ्याईकडं पाहिलं. मोठ्याईनं ओले हात पदराला पुसले, मग तो पदर हातातून सोडून दिला, कारण त्याच पदरानं तिनं ते पाय पुसले होते. आणि मग ती साखर पेरल्यासारखं बोलली. "बाळा, तुझी आई हाक मारायलीय बघ. जा पटकन."

मैत्रिणीनं कान टवकारले. मला काही ऐकू आलं नव्हतं, तिलाही आलं नसणार. पण देवाच्या घरातली मोठी बाई खोटं कशाला बोलेल? ती उठली, फ्रॉक खाली ओढला, मला म्हणाली, माझी जागा धर, आणि पळाली.

लोक मला म्हणतात, अगं निदान त्यांनी पोरीला हाकलून तरी दिलं नाही, मान राखून घालवलं. असल्या मान राखण्याला काडी लावावी. हाकललेलं माणूस निदान परत येत नाही. ही परत आली.

ती येईपर्यंत घरात काय झालं ते मी पाटावर बसून पाहत होते. नऊ मोडले होते. आता पोरगी कुठून आणायची? म्हातारीनं तोड सांगितली. घरात ब्राह्मण नसला तर सुपारी चालते, जोडीतलं एक नसलं तर सुपारी चालते, मग कुमारिकेला का नाही चालणार? मोठ्याई दुसऱ्यांदा अंघोळ करून, ओल्या केसांनी, देवघरातली सुपारी घेऊन आली. नवव्या पाटावर गोमूत्र शिंपडलं, तांदळाची मूठ ठेवली, तिच्यावर सुपारी. तिचे पाय धुतले, म्हणजे चमच्यानं पाणी घातलं. हळदीकुंकू लावलं. डोकं टेकवलं. पाटासमोर ताट वाढलं, पुरणपोळी, भात, कडकणी. शेजारी रुमाल आणि टिकल्यांचं पाकीटही ठेवलं, जे आम्हा सगळ्यांना मिळणार होतं. जिला दात नाहीत, कपाळ नाही, तिच्यासाठी टिकल्या.

आणि मैत्रीण दारात आली. घामानं कुंकू नाकावर ओघळलेलं. "आईनं न्हाय बोलवलं," ती म्हणाली. "म्या इचारून आले."

तिला वाटत होतं तिनं चांगली बातमी आणलीय.

मग तिनं पाट पाहिला. ताट पाहिलं. माझ्याकडं पाहिलं, कारण जागा धरायचं काम तिनं मला दिलं होतं. मोठ्याईनं मान वळवली. उत्तर द्यायची हिंमत त्या घरात फक्त म्हातारीला झाली, आणि तिनं ते अगदी मायेनं दिलं.

"तिथं आता देवी बसलीय बाळा."

माझ्या डोक्यात त्या क्षणी जातपात काही नव्हतं, मला तो शब्दही नीट माहीत नव्हता. मला एवढंच दिसत होतं की जागा अडलीय आणि अडवणारी वस्तू सुपारीएवढी आहे. मी हात लांबवला, सुपारी उचलली, पाटाबाहेर ठेवली आणि मैत्रिणीला म्हणाले, "ये, झाली जागा."

मोठ्याईनं माझ्या थोबाडीत मारली. माझ्या पायांची हळद अजून ओली होती. घटकाभरापूर्वी जिच्या पायावर डोकं ठेवलं त्या देवीचा गाल लाल झाला आणि घरातल्या एकाही बाईला त्यात पाप वाटलं नाही. माझी आई पुढं आली ती मला उचलायला नाही, सुपारी उचलून जागेवर ठेवायला. मी भोकाड पसरलं. रडता रडता दाराकडं पाहिलं तर मैत्रीण रडत नव्हती. ती सुपारीकडं पाहत होती, लक्ष देऊन, शाळेत फळ्याकडं पाहायची तशी. मोठ्याईनं एका पिशवीत दोन पुरणपोळ्या घातल्या आणि उंबऱ्याच्या आतून, वरून, तिच्या पसरलेल्या हातात सोडल्या. घरी जाऊन खा, म्हणाली. हाताला हात लागला नाही. मघाशी त्याच हातांनी तिच्या बोटांच्या बेचक्यातली माती काढली होती.

काकूला त्या दुपारी स्वयंपाकघरात जे ऐकावं लागलं ते मी भिंतीच्या अलीकडून ऐकलं. तिचं म्हणणं एवढंच होतं की मला कसं कळणार, घरं तर सगळी सारखी. त्यावर मोठ्याई म्हणाली, "घरं एका साच्यातली बांधली म्हणून माणसं एका साच्यातली झाली व्हय?" काकू रडत राहिली. पुढं त्या घरात कुणालाही जेवायला बोलवायचं म्हटलं की ती आधी तीन जणींना विचारायची. हुशार बाई, लवकर शिकली.

वडील बाहेर बाजेवर बसून होते. मी त्यांच्याकडं गेले, कारण ते गावात भाषणं करायचे, शाळेच्या समितीवर होते, पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर समतेवर बोलायचे. ते म्हणाले, बायकांच्या देवधर्मात मी पडत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला सुद्धा कळलं की हा माणूस बाजेवरून उठायला घाबरतोय.

रात्री जेवताना मी मोठ्याईला विचारलं. आमच्या घरात शेडातल्या दिवसांच्या गोष्टी सारख्या निघायच्या. सगळं गाव एका मोठ्या भांड्यातली खिचडी खायचं, कुणी कुणाला विचारत नव्हतं, कुणाची पोर कुणाच्याही मांडीवर असायची, हे सांगताना मोठ्याईचा स्वर अगदी हळवा व्हायचा. मी म्हणाले, तवा तुम्ही त्यांच्याबरोबर जेवलात की.

"तवा भूकंप झालता," मोठ्याई म्हणाली आणि माझ्या भातावर तूप वाढलं.

यात तिला काही विसंगत वाटलं नाही. मला ताप आला की रात्रभर उशाशी बसणारी, शेतातल्या गड्याच्या पोराला स्वतःच्या हातानं औषध पाजणारी बाई होती ती. तिला वाईट म्हणून मोकळं होता येत नाही, याचाच मला जास्त राग येतो. वाईट माणसांनी केलेलं पोरं विसरतात. ज्यांच्या मांडीवर वाढलो त्यांनी केलेलं कुठं ठेवायचं?

दसऱ्याला सगळा गाव सीमोल्लंघनाला निघाला. पुढं हलगी. मैत्रिणीचे वडील घामानं निथळत वाजवत होते, आणि माझे वडील, म्हणजे तेच बाजेवरचे, फेटा बांधून त्यांच्यासमोर नाचत होते. मोठ्याईनं निघताना हलगीला हळदीकुंकू लावलं. मैत्रीण वडिलांच्या बाजूनं चालत होती. मी आपट्याची पानं घेऊन तिच्याकडं गेले. तिनं पानं घेतली, पण हात पुढं केला नाही. दोन्ही हातांनी फ्रॉकचा ओचा धरून पसरला आणि मी पानं त्यात टाकली. मला तेव्हा वाटलं, ती माझ्यावर रुसलीय.

सुट्टी संपून शाळा भरली. मधल्या सुट्टीत आम्ही मुली शाळेमागच्या कडुलिंबाखाली खेळायला गेलो. सणातलंच खेळायचं असतं त्या वयात, त्यामुळं खेळ ठरला कुमारिकांचा. मी म्हणाले, मोठ्याई मी होणार. मला ते दुरुस्त करायचं होतं. डब्याचं झाकण परात, बाटलीतलं पाणी, आणि विटांचे तुकडे हे पाट. मी सगळ्यांत आधी मैत्रिणीला हाक मारली, तू पहिल्या पाटावर बस.

ती आली. पाटापाशी वाकली. मला वाटलं बसतेय. तिनं जमिनीवरून एक गोल खडा उचलला, फ्रॉकला पुसला, फुंकर मारली आणि विटेवर ठेवला. आणि बाजूला उभी राहिली.

मी म्हणाले, अगं तू बस. ती म्हणाली, "मोडतंय मग." चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता. खेळाचा नियम माहीत नसलेल्या पोरीला सांगावं तसं तिनं मला सांगितलं.

मला इतका संताप आला की मी तो खडा उचलून कुंपणापार भिरकावला. ती कुंपणाच्या तारेतून वाकून पलीकडं गेली, गवतात शोधत राहिली, आणि तोच खडा घेऊन परत आली. पुन्हा पुसला. पुन्हा विटेवर ठेवला. बाकीच्या पोरी कंटाळल्या होत्या, त्या आपापल्या विटांवर बसून जेवणाची वाट पाहायला लागल्या. मग मैत्रिणीनं लिंबाचा पाला ओरबाडला आणि आम्हाला वाढायला सुरुवात केली.

मी हात पुढं केला. तिनं तिचा हात माझ्या हाताच्या वीतभर वर थांबवला, आणि पाला वरून सोडला.